पुरणाच्या डाळीवरचा फेस
होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजत घातली, की पातेल्यावर पांढरा फेस चढतो. रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना तो मुद्दाम निरखायला सांगते. डाळीतली प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. त्यांचे काही भाग पाण्यात रमतात, काही पाणी टाळतात. पृष्ठभागाशी पोचल्यावर साखळी उलगडते, पाणी टाळणारे भाग हवेकडे वळतात आणि पृष्ठताण घटतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो. साबणही पृष्ठताण घटवतो, पण त्याचे छोटे रेणू पृष्ठभागावर चटकन ये-जा करतात. प्रथिने सावकाश येतात, पण एकमेकांत गुंतून लवचीक पापुद्रा बनवतात. डाळीतल्या सॅपोनिन या साबणासारख्या घटकाचाही हातभार असतो. म्हणून फेस टिकतो. चमचाभर तेल घातलं, की त्याचे थेंब पापुद्रा फोडतात आणि फेस बसतो. मुलांना पातेल्यापाशी बोलवा. हे विज्ञान तिथेच उत्तम समजतं.