संकटें आणि श्रद्धा : पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून

दुःख मनुष्याला शहाणें करितें, असें आपण सहज बोलून जातों. परंतु हें वचन सर्वांशीं खरें नाहीं. एकाच संकटानें एकाचें मन कोमल होतें, तर दुसऱ्याचें दगडासारखें कठीण होतें. हा भेद कशानें पडतो, याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं करण्याजोगा आहे. त्यासाठीं पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या चरित्राइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे पंडित होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये, असा दंडक असतां त्यांनीं तें आपल्या पत्नीस शिकविलें, व आईपासून तें रमाबाईंस मिळालें. तीर्थयात्रा व पुराणकथन करीत हें कुटुंब फिरत असतां दुष्काळानें त्यास गांठलें. थोड्याच महिन्यांत वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघें गेलीं. उरलेलीं भावंडें पायीं हिंदुस्थानभर फिरलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून जीव वांचविण्यासाठीं त्यांनीं वाळूंत खड्डे खणले, व मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन तीं पडून राहिलीं. १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव केला. परंतु १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंचा विवाह झाला, आणि १८८२ मध्यें पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनें गेले. तेव्हां रमाबाईंचें वय अवघें २३ वर्षांचें होतें, व पदरीं तान्ही मनोरमा होती.

येथें रमाबाईंनीं काय केलें, तें पाहावें. ‘हें माझ्याच वांट्यास कां?’ या प्रश्नाशीं त्या अडून बसल्या नाहींत. ‘हें आणखी कोणाच्या वांट्यास आलें आहे?’ असें त्यांनीं विचारिलें. त्याच वर्षीं शिक्षण-कमिशनापुढें साक्ष देतांना, स्त्रियांसाठीं स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात, असें त्यांनीं सांगितलें. स्वतः वैद्यक शिकावें म्हणून १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें ती वाट बंद झाली. तेव्हां त्यांनीं अध्यापनाची वाट धरिली. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं ‘शारदा सदन’ काढिलें. तेथील आरंभींच्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई यांच्याशीं १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं विवाह केला, आणि पुढें १८९६ मध्यें कर्व्यांनीं स्वतः विधवांच्या शिक्षणाचें कार्य आरंभिलें. दिव्यानें दिवा लागतो, तो असा.

१८९६-९७ मध्यें मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. भुकेनें व्याकुळ झालेल्या निराधार मुलींवर काय प्रसंग येतात, हें रमाबाईंस पुस्तकावरून समजून घ्यावें लागलें नाहीं. त्या तेथें गेल्या, आणि सुमारें ३०० स्त्रिया व मुलींना घेऊन आल्या. केडगांवच्या ‘मुक्ति’ सदनांत त्यांना नुसतें अन्न देऊन त्या थांबल्या नाहींत. विणकाम, शिवण, शेती, छापखान्याचें काम असे उद्योगही त्यांनीं शिकविले. उपकाराचें अन्न खाणाऱ्याची मान खालीं जाते, कष्टाचें खाणाऱ्याची वर राहते, हें त्या जाणून होत्या.

आतां श्रद्धेविषयीं. श्रद्धा म्हणजे प्रश्न न विचारणें, अशी समजूत पुष्कळांची असते. रमाबाईंनीं १८८३ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. तरी तेथील धर्मगुरूंच्या शिकवणीविषयींही त्या निर्भयपणें शंका विचारीत राहिल्या. १८९३ मध्यें शारदा सदनांत मुलींचें मन ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें, असा आरोप आला. सल्लागार मंडळ बाजूला झालें, व अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या पालकांनाही आपल्या धर्माची कळकळ होती, हें आम्ही विसरूं नये. परंतु रमाबाईंनीं शाळा बंद केली नाहीं. १९२१ मध्यें, जिनें हें कार्य पुढें चालवावयाचें ती मनोरमाही गेली. अशिक्षित बायकांसही समजावें म्हणून सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर करण्याचें काम त्या वेळीं हातीं होतें. तें त्यांनीं सोडिलें नाहीं. आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. ‘मुक्ति’ मात्र केडगांवीं आजही उभें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, दुष्काळ सर्वांनाच पाहावा लागत नाहीं; परंतु घरांतील आजारपण, वडिलांची गेलेली नोकरी, जवळच्या माणसाचा मृत्यु हीं तुमच्यापैकीं कित्येकांच्या दारीं येतात. त्यामुळें वर्गांतील हुशार मूल मुकें होतें, कधीं शाळाच सोडतें, हें आम्ही शिक्षक पाहतों. अशा वेळीं रडूं आलें तर रडावें. त्यांत श्रद्धेला कमीपणा नाहीं. मात्र आपल्या बांकावर शेजारीं बसणाऱ्याकडेही एकदां पाहावें. कदाचित् तोही न जेवतां आला असेल.

आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, संकट ही देवानें दिलेली शिक्षा आहे असें सांगून मुलाच्या दुःखावर अपराधाचें ओझें चढवूं नये. त्याचें म्हणणें ऐकावें, आणि त्याच्या हातांस झेपेल असें दुसऱ्याच्या उपयोगीं पडणारें एखादें लहान काम त्याला द्यावें. आपण कोणाला तरी हवे आहों, ही जाणीव मुलाला झाली, म्हणजे त्याचें पाऊल आपोआप पुढें पडूं लागतें.