शंभर वर्षं मेला, जेवण मात्र ताजंच!

इस्लामच्या मुख्य प्रवाहात पुनर्जन्म नाही. एक जन्म, एक मृत्यू, मग कयामतपर्यंत 'बरझख' नावाची मधली अवस्था आणि शेवटी देहासह पुन्हा उठणं. पण मेलेलं जिवंत होण्याच्या गोष्टी म्हणाल, तर कुराणात त्यांची रेलचेल आहे.

सगळ्यात भन्नाट गोष्ट दुसऱ्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली. उद्ध्वस्त गावावरून जाणाऱ्या एकाला प्रश्न पडतो, हे मेलेलं गाव आता जिवंत कसं होणार? अल्लाह त्यालाच शंभर वर्षं मृत ठेवतो, मग उठवून विचारतो, किती काळ गेला? हा म्हणतो, एखादा दिवस, किंवा तेवढाही नाही. बरोबरचं अन्नपाणी जराही नासलेलं नसतं. गाढवाची मात्र नुसती हाडं! मग त्याच्या डोळ्यांदेखत हाडाला हाड जुळतं, वर मांस चढतं. अनेक भाष्यकारांच्या मते हा माणूस म्हणजे उझैर नावाचा सत्पुरुष. दोन दिवसांत नासणारं टिकतं आणि धडधाकट जनावर मातीला मिळतं, ही कल्पना मला विलक्षण वाटते.

कुराणातल्याच आणखी एका गोष्टीत गुहेत कुत्र्यासह झोपी गेलेले तरुण तर 300 वर्षं 'आणि वर नऊ' निजले. ही नऊ कुठून आली? सौर 300 वर्षं म्हणजे चांद्र 309!

पुन्हा उठायचं, पण कशातून? हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांची परंपरा, सांगते, सगळा देह मातीत गेला तरी माकडहाड उरतं आणि त्यातूनच माणूस परत घडतो.

पुनर्जन्माकडे मुस्लिम विद्वानांनी बारकाईनं पाहिलं. 1030च्या सुमारास अल-बिरुनीनं भारतावरच्या ग्रंथात लिहिलं, की कलमा, म्हणजे श्रद्धेची ग्वाही, ही जशी मुसलमानाची ओळख, तशी पुनर्जन्म ही हिंदूंची. त्याच्याच काळातल्या इब्न सीनानं तर्कानं पुनर्जन्म खोडला: प्रत्येक नव्या देहाला स्वतःचा आत्मा मिळतोच, जुनाही आत शिरला, तर एका देहात दोन आत्मे होतील!

तरीही पुनर्जन्म मानणारे निघालेच. अकराव्या शतकात फातिमी कैरोत इस्माइली शिया परंपरेतून द्रूझ पंथ निघाला. तो आज लेबनॉन, सीरिया, इस्रायलमध्ये आहे. त्यांच्या मते माणूस मरताक्षणी आत्मा नवजात बाळात जातो, प्राण्यात कधीच नाही. एखादं मूल मागच्या जन्माबद्दल बोलू लागलं, की घरचे त्या 'जुन्या' कुटुंबाचा शोध घेतात आणि कधीकधी दोन्ही घरांत येणंजाणं सुरू होतं. मृत्यू आणि जन्माच्या तारखा जुळल्या नाहीत तर? मध्ये एक छोटासा, आठवणीत न राहिलेला जन्म होऊन गेला असणार, असं ते सांगतात.