वाळू वेगळी, काळी माती वेगळी: ऑफरोडसाठी टायर कसा निवडायचा?

(एपिसोडचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा.)

आजचा प्रश्न मेसेजमध्ये पुन्हा पुन्हा येतोय: "दिवाळीत गाडी घेऊन जैसलमेरला चाललोय. मड टायर आणि मोठे अलॉय टाकू का?"

थोडक्यात उत्तर: वाळूसाठी मड टायर नको. आणि खिशाला कात्री लावण्याआधी एक फुकटातली गोष्ट करा, टायरमधली हवा कमी करा. का, ते आता सांगतो.

वाळूत गाडी का रुतते?

जैसलमेरजवळच्या सम गावच्या टेकड्या घ्या, नाहीतर आपल्या गंगाखेडला गोदावरीच्या पात्रातली कोरडी वाळू घ्या. दोन्हीकडे कण सुटे असतात. चाकाने जोर लावला की ते बाजूला सरकतात आणि चाक खाली जातं. म्हणून वाळूत टायरने खोदायचं नसतं, वर तरंगायचं असतं. उंटाचा तळवा बघा, गादीसारखा पसरतो. बैलाचा खूर त्याच वाळूत खोल जातो.

आता साधं गणित. गाडीचं वजन 1800 किलो धरा, म्हणजे एका चाकावर 450 किलो. टायरमध्ये 30 पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 2.1 किलो दाब. 450 भागिले 2.1, म्हणजे जमिनीला टेकलेला भाग सुमारे 214 चौरस सेंटीमीटर. हवा 15 वर आणली की हाच भाग जवळपास दुप्पट होतो. टायरची भिंत थोडं वजन पेलते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण फरक मोठाच पडतो. टायर मुख्यतः लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा.

म्हणून मऊ वाळूत 15 ते 18 पीएसआय ठेवतात. मड टायरचे मोठे ठोकळे वाळूत फावड्यासारखं काम करतात. जास्त अॅक्सिलरेटर दिला की गाडी स्वतःच स्वतःचा खड्डा खणते. त्यापेक्षा ऑल-टेरेन, म्हणजे एटी टायर बरा.

मग मड टायर कशासाठी?

आपल्या काळ्या मातीसाठी! या मातीतला चिकणमातीचा अंश पाणी पिऊन फुगतो आणि टायरला चिकटतो. बारीक नक्षीचा टायर दोन फेऱ्यांत भरतो आणि गुळगुळीत गोळा होऊन बसतो. मग चाक जागच्या जागी फिरतं, गाडी हलत नाही. मड टायरच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची बाणासारखी नक्षी त्याचसाठी असते, चिखल मधून कडेला ढकलायला.

पण एक लक्षात ठेवा. खोल काळ्या रानात कुठलाही टायर हरतो. पाऊस झाल्यावर वापसा येईपर्यंत आपण औत घालत नाही, मग पाणंद रस्त्यावर गाडी तरी का घालायची?

आणि मड टायरची किंमत डांबरी रस्त्यावर मोजावी लागते. आवाज वाढतो, अॅव्हरेज घटतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर घेते. वर्षातले बहुतेक दिवस गाडी परभणी-गंगाखेड-परळी रस्त्यावरच असेल, तर हा सौदा तोट्याचा.

मोठा रिम की छोटा?

टायरच्या बाजूला लिहिलेलं वाचा. तीन दरवाजांच्या थारचेच दोन साइज घेऊ: 245/75 आर16 आणि 255/65 आर18. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा व्यास, इंचात. आता गुणा: पहिल्याची भिंत 184 मिलिमीटर, दुसऱ्याची 166. रिम मोठा झाला आणि भिंत कमी झाली.

हवा कमी केल्यावर पसरते ती हीच भिंत. म्हणून ऑफरोडला छोटा रिम आणि उंच भिंत चांगली. मोठे अलॉय फोटोत भारी दिसतात, वाळूत आणि खड्ड्यात मात्र अडचण करतात. शिवाय जोराचा दणका बसला तर स्टीलचा रिम बहुतेक वेळा वाकतो, तो ठोकून सरळ करता येतो. अलॉयला तडा जाऊ शकतो.

साइजनंतर येतो भार आणि वेगाचा कोड. 100 म्हणजे एक टायर 800 किलो पेलतो. क्यू म्हणजे ताशी 160 किलोमीटर, एस म्हणजे 180. कंपनीने दिलेल्या भाराच्या आकड्यापेक्षा खाली जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं: हवा परत भरा

कमी हवेत टायरची भिंत दर फेरीला दबते आणि तापते. वाळूत वेग कमी असतो म्हणून चालून जातं. पण त्याच 15 पीएसआयवर डांबरी रस्त्याला लागून 80-100चा वेग धरला, तर टायर फुटू शकतो. समृद्धीवर तर कारची मर्यादा 120 आहे. तिथे टायर फुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. ही चूक गाडीतल्या सगळ्यांच्या जिवावर बेतते.

म्हणून नवीन टायरच्या आधी दोन वस्तू घ्या: हवा मोजायचा गेज आणि 12 व्होल्टचा कंप्रेसर. डांबर लागण्याआधी थांबा आणि ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा.

कमी हवेत अजून दोन गोष्टी सांभाळा. झटक्यात वळू नका, टायर रिमवरून सुटतो. आणि वेड्या बाभळीपासून लांब राहा. ती गोदाकाठीही आहे आणि राजस्थानातही. फुगलेल्या भिंतीत तिचा काटा गेला तर साधं पंक्चर किट बहुधा कामाला येत नाही. स्टेपनी भरलेली हवी.

तर जैसलमेरवाल्यांनो, गाडीला कंपनीचे टायर असतील आणि नक्षी चांगली असेल, तर तेच चालतील. टायर बदलायचेच असतील तर एटी घ्या, रिम आहे तोच ठेवा. आणि टेकड्यांवर एकटी गाडी घालू नका. रुतल्यावर ओढायला दुसरी गाडी आणि पट्टा सोबत पाहिजे.

तुमच्या टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू!