एक दैनंदिनी, अनेक गांवांचें हवामान

पंचांगकर्ते आपलें गणित कोणत्या शहराकरितां केलें आहे, हें आरंभींच सांगून टाकतात. मुंबईच्या सूर्योदयाची वेळ नागपुरास लागू पडत नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. मोबाइलमधील दैनंदिनी मात्र या बाबतींत बेफिकीर दिसते. तींत हवामानाची ओळ चालू केली कीं, बहुधा मोबाइल आज ज्या गांवीं असेल त्याच गांवचें हवामान ती दाखवीत राहते. मालक उद्यां कोठें असणार, याची तिला पर्वा नसते.

शहाडच्या एखाद्या गृहस्थाचा जुलैमधील गुरुवार घ्या. सकाळीं ठाण्यास कचेरीचें काम, दुपारीं कल्याणहून गाडी, आणि रात्रीं नाशिकास बहिणीकडे मुक्काम. त्यास निदान ठाणें व नाशिक या दोन शहरांचें भाकित हवें. पण तेवढ्यानेंहि भागत नाहीं. नाशिक घाटाच्या पलीकडे, पर्जन्यछायेंत आहे. तेथील रस्ते कोरडे असतांना इगतपुरीस पाऊस कोसळत असतो, आणि गाडी अडते ती घाटांत! तेव्हां ज्या गांवीं उतरावयाचें नाहीं त्याचीहि एक ओळ दैनंदिनींत असावी.

घरीं राहणारालाहि हाच न्याय लागू आहे. शहाड उल्हास नदीकांठीं वसलें आहे. ही नदी सह्याद्रींत उगम पावून कर्जत, बदलापूर करीत इकडे येते. त्यामुळें शहाडास ऊन पडलेलें असतांहि वरच्या अंगाच्या पावसानें पाणी चढूं शकतें. त्यांत कल्याणच्या खाडीस भरती असली कीं तें लवकर ओसरत नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं याच नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली, आणि हजाराच्या आसपास उतारूंना सोडवून आणावें लागलें. म्हणून शहाडकरांनीं कर्जतची ओळ अवश्य ठेवावी. कर्जत रायगड जिल्ह्यांत मोडतें. हवामान खात्याचे रंगांचे इशारे जिल्हावार असतात, आणि केवळ ठाणें जिल्ह्याचा रंग पाहून ही गोष्ट कळावयाची नाहीं.

या ओळी हातानें लिहीत बसूं नये. भाकित रोज बदलतें, आणि शिळें भाकित नसलेल्यापेक्षां वाईट. १९९८ सालीं ठरलेल्या ‘आयकॅलेंडर’ या नमुन्यांत दिनक्रम देण्याची सोय आहे. हवामान पुरविणाऱ्या कांहीं सेवा प्रत्येक शहराकरितां असा निराळा पत्ता देतात. तो दैनंदिनींत एकदां नोंदला कीं, त्या शहराची रोजची ओळ आपोआप येऊन बसते. प्रत्येक शहरास निराळा रंग द्यावा. चारांहून अधिक शहरें घेऊं नयेत, नाहीं तर मूळ कामेंच शोधावीं लागतील. मात्र हा मजकूर नवा होण्यास कांहीं तास लागतात. बाहेर पाऊस धरला असतां दैनंदिनी मिटून हवामान खात्याचा ताजा इशाराच पाहावा.

दिवसाविषयींहि एक घोटाळा होतो. दैनंदिनीचा दिवस मध्यरात्रीं सुरू होतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळीं ८.३० पासून दुसऱ्या सकाळीं ८.३० पर्यंत धरतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयाचे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर हे २७ जुलैच्या सकाळीं ८.३० पर्यंतचे आहेत. (त्याच चोवीस तासांत कुलाब्यास ७५ मिलिमीटरहि पडला नाहीं, तेव्हां ‘मुंबई’ एवढ्या एका नांवानें काय समजावें?) खात्याच्या भाषेंत एका दिवसांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढें जोराचा आणि २०४.५ पासून पुढें अत्यंत जोराचा पाऊस समजतात. ते आंकडेहि याच दिवसाचे.

खात्याच्या इशाऱ्यांचा दिवसहि असाच मोजला जातो. यास्तव गुरुवारीं पहाटे पांचच्या गाडीनें निघणारानें इशारा पाहावयाचा तो बुधवारचा.