वज्रासनापासून समाधीपर्यंत

पतंजलींनी योगाची व्याख्या केली ती चित्तवृत्तींचा निरोध अशी. वृत्ती म्हणजे मनात सतत उठणारे तरंग. त्यांत स्मृती, कल्पना आणि निद्राही मोडते. निरोध म्हणजे या वृत्तींना आवर घालणे. त्यांची योगसूत्रे सुमारे १९५ आहेत आणि त्यांतली थेट आसनाबद्दलची जेमतेम तीन. बैठक स्थिर व सुखाची असावी, एवढीच तिथे अपेक्षा आहे.

२१ जून २०१९ रोजी योग दिनाचा राज्यस्तरीय कार्यक्रम नांदेडला झाला. अशा कार्यक्रमांत आणि गावोगावच्या सकाळच्या वर्गांत कानावर पडणारी आसनांची नावे पुष्कळशी हठयोगाच्या ग्रंथांतली असतात. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त धनुरासन, पश्चिमोत्तानासन व शवासन आहेत, तर भुजंग, शलभ, मकर आणि उष्ट्र ही आसने ‘घेरंडसंहिते’तल्या बत्तिसांपैकी.

मात्र हठयोगातले बरेच शब्द त्याआधीच गोदावरीकाठच्या मराठीत रुळले होते. नांदेडच्या वरच्या अंगाला, पैठणजवळचे आपेगाव हे ज्ञानेश्वरांचे मूळ गाव. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मधल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात त्यांनी योगाभ्यास ओवीबद्ध केला. साधनेची जागा कशी निवडावी, आसन कसे अंथरावे इथपासून ते सुरुवात करतात. टाचेने शिवणीची जागा दाबून बसणे हा मूळबंध. हनुवटी कंठाखालच्या खळग्यात रोवून छातीशी टेकवणे हा जालंधरबंध. पोट आत पाठीकडे ओढून घेणे हा उड्डियान. ज्ञानेश्वर त्याला ‘वोढियाणा’ म्हणतात. या बंधांमुळे मूलाधारापाशी वेटोळे घालून निजलेली कुंडलिनी जागी होऊन सुषुम्ना नाडीने वर चढते, असे हे शास्त्र मानते. शरीराचे इतके बारीक वर्णन मराठीत त्यानंतरही फार थोड्यांनी केले आहे.

याच वर्णनात मूळबंधाचे दुसरे नाव म्हणून वज्रासन येते. आज जेवणानंतर गुडघे मुडपून टाचांवर बसतात ते वज्रासन वेगळे. ‘हठप्रदीपिका’ही सिद्धासनाला काही जण वज्रासन म्हणतात, अशी नोंद करते. म्हणून जुना ग्रंथ वाचताना नावावर न जाता बैठकीचे वर्णन पाहावे.

पतंजलींच्या आठ अंगांत आसनानंतर प्राणायाम येतो. त्यात श्वास आत घेणे हा पूरक, रोखणे हा कुंभक आणि सोडणे हा रेचक. पुढचा प्रत्याहार म्हणजे इंद्रियांना विषयांपासून मागे घेणे. चित्त एका जागी बांधणे ही धारणा, ती अखंड टिकली की ध्यान, आणि ध्यानात ‘मी’पणाचे भान मावळले की समाधी. मराठवाड्यात समाधी म्हटले की आधी संतांचे स्थान आठवते. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी लातूरशेजारच्या अंबाजोगाईत दाखवतात. योगी देह ठेवतो तो त्या अवस्थेतच, या श्रद्धेतून स्थानालाही तेच नाव पडले.

यम आणि नियम मात्र वर्गात बहुतेक वगळले जातात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. आठ अंगांत पतंजलींनी त्यांना आसनाच्या आधी ठेवले आहे. योगशिक्षकांनी पहिल्या दिवशी सतरंजी अंथरण्यापूर्वी हे दहा शब्द अर्थासह सांगावेत.