रोजच्या पानाची मांडणी

महाराष्ट्रीय जेवणाच्या ताटात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. वरच्या कडेला मधोमध मीठ असते. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर, पापड येतात. उजवीकडे सुकी भाजी, पातळ भाजी आणि आमटीची वाटी असते. जेवणाऱ्याच्या पुढ्यात भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप वाढतात. या रचनेमागे हाताची सोय आहे. उजव्या हाताने जेवताना जे वारंवार लागते ते उजवीकडे ठेवतात. जे चवीपुरते घ्यायचे ते डावीकडे जाते. केळीचे पान मांडताना शेंडा डावीकडे ठेवतात, त्यामुळे थोडे लागणारे पदार्थ निमुळत्या भागात मावतात आणि भाज्यांना रुंद बाजू मिळते.

पंगतीतली ही शिस्त रोजच्या जेवणालाही लागू पडते. पोळी, भाजी, आमटी, भात आणि काहीतरी कच्चे एवढेच असले, तरी जागा पाळल्या की ताट नीटस दिसते. पदार्थांमध्ये बोटभर अंतर ठेवावे, रस्सा वाटीत वाढावा, ताटाची कडा कोरडी ठेवावी. प्रथम थोडेच वाढून नंतर पुन्हा वाढणे चांगले. काठोकाठ भरलेल्या ताटात रंग एकमेकांत मिसळतात.

रंगांची सोय स्वयंपाकातच असते. पिवळ्या वरणाशेजारी हिरवी चटणी किंवा बिटाची कोशिंबीर उठून दिसते. पिठले-भाकरीच्या ताटाला लाल ठेचा आणि कांद्याची फोड पुरते. कोकण-गोव्यात माशाच्या कालवणासोबत गुलाबी सोलकढी असते. ती काचेच्या पेल्यात दिली तर तिचा रंग खुलतो.

टेबलाची मापे

पाटाऐवजी टेबल आले, तेव्हा मांडणीला मापांची जोड मिळाली. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण 75 सेंटिमीटर आणि खुर्चीच्या बैठकीची 45 सेंटिमीटर असते. दर माणशी 60 सेंटिमीटर रुंदी मिळाली तर कोपराला कोपर लागत नाही. चौघांसाठी 120 बाय 75 सेंटिमीटरचे टेबल पुरते. पातेली, कुकर आणि तेलाची बाटली त्यावर आणू नये. भाजी-आमटी लहान भांड्यांत काढून, प्रत्येकात स्वतंत्र डाव किंवा चमचा ठेवून मधोमध मांडावी. पोळ्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या की मऊ राहतात. उजवा हात उष्टा असतो, म्हणून पाण्याचा पेला डाव्या हाताशी असावा.

भांडी

स्टीलची ताटे टिकाऊ असतात, आंबट पदार्थांनी खराब होत नाहीत आणि एकसारखी असली की सुरेखही दिसतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्याच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई हवी. ती नसेल तर चिंच, कोकम किंवा ताक घातलेले पदार्थ कळकतात. कासे तांबे आणि कथील यांचे बनते. काशाच्या ताटाला मंद सोनेरी झळाळी असते. त्यात जेवताना लोणचे आणि ताक स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या वाटीत द्यावे. पांढऱ्या ताटलीत रश्श्यांचे आणि भाज्यांचे रंग स्पष्ट दिसतात, मात्र पांढरा भात हरवतो. त्याला वरणाची किंवा कोथिंबिरीची साथ द्यावी. नवा संच घेण्याची गरज नसते. घरातल्या भांड्यांपैकी एका जातीची, एका आकाराची भांडी एका वेळी काढली तरी मांडणीत मेळ येतो.

कापड, फुले, उजेड

हळद आणि तेल यांचे डाग रोजचेच, म्हणून धुता येणारे सुती कापड सोयीचे. गडद रंगाच्या किंवा चौकटीच्या कापडावर डाग कमी दिसतात. खणाची किंवा जुन्या साडीच्या काठाची पट्टी टेबलाच्या मधून घातली तर वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही. फुले बुटक्या भांड्यात ठेवावीत, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही. निशिगंध, मोगरा यांचा दरवळ अन्नाच्या वासावर मात करतो. पाण्यात सोडलेली झेंडूची किंवा जास्वंदीची फुले त्यापेक्षा बरी. पिवळसर उजेडात अन्नाचे रंग उबदार दिसतात. टेबलावर टांगायचा दिवा पृष्ठभागापासून सुमारे 75 सेंटिमीटर वर असला, तर ताटावर उजेड पडतो आणि डोळ्यांवर येत नाही.

रोजचा क्रम

मांडणी रोज टिकायची तर काम वाटून घ्यावे लागते. आधी टेबल रिकामे करून पुसावे, मग पाणी, ताटे-वाट्या, मीठ आणि डावी बाजू मांडावी. हे काम मुलेही करू शकतात. भाजी-आमटी त्यानंतर आणावी. गरम भात आणि पोळ्या शेवटी, सगळे बसल्यावर वाढाव्यात. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे ताटही याच वेळी वाढावे, म्हणजे तिलाही गरम जेवण सगळ्यांबरोबर मिळते.