डचांचा टंच

विट्याच्या माणसाला परगावी उतरायची चिंता नसते. खानापूर-आटपाडीकडची दुष्काळानं बाहेर काढलेली घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. जिथं सराफकट्टा, तिथं आपल्याकडचा कुणीतरी भट्टीपुढं बसलेला असतोच. कोचीत माझे दाजी बसतात. डचांचं बंदर बघायचंय म्हटल्यावर म्हणाले, "बघू की. आधी एवढी मूस उतरू दे."

मूस उतरणं बंदरापेक्षा कमी नव्हतं. मोडीच्या सोन्यात अंदाजे तिप्पट चांदी घालून ते वितळवलं. रस पाण्यात ओतला, त्याचे दाणे झाले. दाणे तेजाबात टाकताच तांबूस धूर उठला आणि दाजींनी मला दाराकडं ढकललं. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतं, सोनं तेवढं तळाशी राहतं, पण ते ओळखू येत नाही. विटेच्या चुऱ्यासारखी तपकिरी भुकटी दिसते. धुऊन पुन्हा मुशीत घातली की मगच पिवळा रंग येतो. हे आयुष्यभर केलेला माणूस शहर बघायला निघाला की काय होणार? प्रत्येक इमारतीपुढं दाजींचा एकच प्रश्न : "पाव्हणं, ह्यात डच किती अन् तांबं किती?"

प्रश्न रास्त होता. मराठीत ज्यांना वलंदेज म्हणत, त्या डचांनी 1663 च्या जानेवारीत पोर्तुगिजांकडून कोची घेतली. मिरीसाठी. त्याआधीच 1637 मध्ये त्यांनी आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली होती. तिथल्या पडक्या भिंती आजही आहेत, पण सागरेश्वरला जाणाऱ्या किती जणांची गाडी तिथं थांबते? कोचीत मात्र 'डच' हा शब्द पाटीवर असला की रिक्षा आपोआप थांबते.

मट्टनचेरीचा 'डच पॅलेस' घ्या. बांधला पोर्तुगिजांनी, 1555 च्या सुमारास, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. बघायला लोक येतात ती आतली रामायणाची भित्तिचित्रं, आणि ती तर अस्सल केरळी. दाजींनी मान हलवली : "मुलामा."

सेंट फ्रान्सिस चर्चचीही तीच गत. मूळ पोर्तुगिजांचं. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला, तो आधी इथंच पुरला होता. 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. डचांनी गावातली बाकीची कॅथलिक चर्चं पाडली किंवा वखारीसारखी वापरली, हे एक स्वतःच्या पंथासाठी ठेवलं. पुढं ते इंग्रजांच्या पंथाकडं गेलं. भिंतींत उभ्या केलेल्या थडग्यांच्या शिळा तेवढ्या पोर्तुगीजही आहेत आणि डचही. किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांचा तर नावातच निकाल लागतो. तरी तिथं आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे राहिलो. एका टोकाला दोरांना टांगलेले धोंडे, दुसऱ्या टोकाला जाळं, आणि चार-पाच माणसांनी ओढलं की सगळा सांगाडा मोटेसारखा करकरत वर येतो. आत मासे मूठभर.

परेड मैदानाजवळच्या एका जुन्या दारावर डच कंपनीची व्हीओसी ही गुंफलेली अक्षरं आणि 1740 हे साल आहे. समुद्राजवळची दफनभूमी 1724 ची, शंभरावर थडग्यांची. फाटकाला कुलूप होतं, गजांतून बघितलं. गवत वाढलेलं, शिळा काळवंडलेल्या. "हे शंभर टंच," दाजी म्हणाले. मेलेली माणसं तेवढी पूर्ण डच निघाली, हे मला जरा लागलं.

म्हणून मी रात्री त्यांना मोबाईलवर हॉर्टस मलबारिकस दाखवलं. डचांनी कोचीत केलेलं सगळ्यात मोठं काम माझ्या मते कुठल्याच चौकात उभं नाही, ते या ग्रंथात आहे. मलबारचा डच कमांडर हेन्ड्रिक फान रेडे यानं इथल्या वनस्पतींची नोंद करवली. 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. शेवटचे खंड बघायला तो उरला नाही. 1691 मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजावरच वारला, थडगं सुरतेत आहे. झाडांची माहिती पुरवली मलयाळी वैद्य इट्टी अच्युदन यांनी आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी. कोंकणी घराणी पोर्तुगिजांच्या जाचामुळं गोवा सोडून इकडं आली होती. या तिघांनी 1675 मध्ये दिलेला दाखला पहिल्या खंडात आहे. भाषा कोंकणी, लिपी देवनागरी. देवनागरी अक्षरं युरोपात छापली गेल्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत तो मोडतो.

"मग ह्याचा टंच काय धरायचा?" मी विचारलं.

दाजींनी चष्मा वर सरकवला. चित्राच्या कोपऱ्यात झाडाचं नाव चार लिप्यांत कोरलेलं होतं. देवनागरी त्यांनी बोट ठेवून सावकाश लावली. मलयाळम ओळ भाच्यानं शाळेच्या सवयीनं झटकन वाचली, रोमन मी. अरबी कुणालाच येईना. दाजी म्हणाले, सकाळी शेजारच्या सराफाला दाखवू, आणि मोबाईल चार्जिंगला लावला.